जुनं अमेरिकन बीड: पारखायचं कसं, पुन्हा चुलीवर चढवायचं कसं

आमच्या घरी घावन आणि आंबोळ्या बिडाच्या तव्यावरच व्हायच्या. बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आईच्या लेखी ते नुसतं ‘बिडाचं’ होतं: पत्र्याच्या लोखंडी तव्याहून जड, उशिरा तापणारं, तापलं की धग धरून ठेवणारं आणि हातातून सुटलं तर फुटणारं. अमेरिकेत आल्यावर काही वर्षं नॉनस्टिकवर काढली. मग ओहायोतल्या एका गराज सेलमध्ये ५ डॉलरला एक काळाकुट्ट, गंजलेला, एका दांड्याचा खोलगट तवा दिसला. पालथा केला तर काजळीखाली अक्षरं लागली: ‘वॅग्नर वेअर’, आणि खाली ‘सिडनी’. हे सिडनी ओहायोतलंच एक गाव आहे. त्या तव्यावरचं पहिलं थालीपीठ खाल्लं आणि मी या भांड्यांच्या मागे लागले ती लागलेच.

इकडे अशा तव्याला स्किलेट म्हणतात. गराज सेल, जुन्या वस्तूंचे बाजार, घर रिकामं करताना भरवलेले एस्टेट सेल, सगळीकडे ती पडलेली असतात. नवीन माणूस नेमका घाबरतो तो गंजाला आणि काजळीच्या खपल्यांना. या दोन्ही गोष्टी निघतात. जे निघत नाही ते वेगळं असतं आणि ते घेण्याआधीच पाहावं लागतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

विकत घेण्याआधी

पहिली तपासणी तड्याची. ओतीव लोखंडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते कडक होतं, पण ठिसूळही. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं किंवा तो फरशीवर पडला की तडा जातो, आणि तडा गेलेलं बीड घरी दुरुस्त होत नाही. तवा दांड्याच्या भोकात बोट घालून लोंबता धरा आणि बोटाच्या पेराने किंवा लाकडी चमच्याने काठावर टिचकी मारा. धड तवा घंटेसारखा घुमतो. तडा असेल तर आवाज बद्द येतो. काजळीचा थर जाड असेल तर चांगला तवाही जरा दबका वाजतो, म्हणून फक्त कानावर विसंबू नका. काठ, दांड्याचा सांधा आणि बुडाची कड यांवरून नख फिरवा. तडे बहुतेक काठापासून सुरू होतात. मी सुरुवातीला घेतलेल्या एका तव्याचा तडा काजळीखाली लपला होता. विकणाऱ्याने ‘एकदम चांगला आहे’ म्हणून दिला होता आणि मी तो वाजवून पाहिला नव्हता. साफ केल्यावर काठापासून दोन बोटं लांब केसासारखी रेघ दिसली. आता तो कुंडीखाली ठेवला आहे.

दुसरी तपासणी वाकाची. तवा सपाट जागी ठेवून काठावर दोन बाजूंनी बोटं दाबा, डुगडुगतो का पाहा. मग हलकेच गिरकी द्या. भोवऱ्यासारखा फिरत राहिला तर बूड खाली फुगलेलं आहे. मी पिशवीत स्टीलची पट्टी ठेवते आणि ती आतून उभी धरून बघते. पट्टीखालून मधोमध उजेड दिसला तर बूड खाली गेलंय, मध्ये टेकून कडेला उजेड दिसला तर वर आलंय. बूड वर आलेल्या तव्यात तेल कडेला पळतं आणि घावन मध्ये कोरडं राहतं. गॅसच्या शेगडीवर थोडा वाक चालून जातो. काचेच्या सपाट शेगडीवर किंवा इंडक्शनवर मात्र अजिबात नको.

तिसरी गोष्ट म्हणजे आगीत भाजलेलं बीड. पूर्वी, आणि अजूनही, लोक जुना थर जाळून काढायला तवा थेट जाळात टाकतात. अति उष्णतेने लोखंडाचा पृष्ठभाग बदलतो आणि लालसर, विटकरी, खरखरीत डाग पडतात. गंज घासला की खालून करडं लोखंड दिसतं. हे डाग घासले तरी लालीच राहते आणि त्यावर तेलाचा थर टिकत नाही. असा तवा फुकट मिळाला तरी सोडून द्या.

चौथी गोष्ट शिशाची, आणि इथे मी फार काटेकोर आहे. बंदुकीच्या गोळ्या आणि मासेमारीची वजनं ओतायला घरोघरी शिसं वितळवत, आणि त्यासाठी जुनी बिडाची भांडीच वापरत. त्यातही लहान खोलगट भांडी आणि पळ्या जास्त. आत करडे, मऊ ठिपके किंवा ओघळ दिसले आणि नखाने ओरखडल्यावर चंदेरी चकाकले तर ते भांडं स्वयंपाकघरात आणू नका. दुकानात मिळणाऱ्या चाचणीच्या काड्यांवर मी पूर्ण भरवसा ठेवत नाही. शंका आली की भांडं जागेवर ठेवते.

गंजाने पडलेले बारीक खड्डे बाहेरच्या बाजूला असतील तर चिंता नाही. आतल्या बाजूला, जिथे पोळी-घावन टेकणार तिथे, खोल खड्डे असतील तर मी घेत नाही. चंदेरी मुलामा दिलेली भांडीही पहिल्या खरेदीत टाळा. मुलामा जागोजागी उडालेला असला की ती नीट करणं नवख्याचं काम नाही.

बुडावर काय लिहिलंय

आता नावांकडे. ज्या भांड्यांसाठी लोक हिंडतात ती मुख्यतः पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि दक्षिणेतल्या ओतशाळांमधली. ग्रिसवोल्ड हा कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचा, १८६५ साली सुरू झालेला. त्याच्या सुरुवातीच्या तव्यांवर नुसतं ‘ईरी’ असतं. नंतर दुहेरी वर्तुळात क्रूस आणि क्रूसात ‘ग्रिसवोल्ड’ असं चिन्ह आलं. आधी अक्षरं तिरकी होती, मग सरळ ठसठशीत. १९४० च्या आसपास हेच चिन्ह लहान झालं. त्यामुळे बुडावर मोठं चिन्ह असेल तर तवा त्याआधीचा, लहान असेल तर साधारण नंतरचा, एवढं ढोबळ वय लगेच काढता येतं. ईरीचा कारखाना १९५७ मध्ये बंद झाला आणि नाव पुढे वॅग्नरच्या मालकांकडे गेलं.

वॅग्नरची सुरुवात १८९१ ची, सिडनी गावातली. जुने वॅग्नर हाताला हलके लागतात आणि आतून तळहातासारखे गुळगुळीत असतात. इथे नवख्यांची एक हमखास फसगत होते. काही तव्यांच्या बुडावर १८९१ हे साल आणि ‘ओरिजिनल’ असा शब्द असतो. तो १९९१ मध्ये शताब्दीनिमित्त काढलेला माल आहे. तवा वापरायला ठीक असतो, पण शंभर वर्षांचा म्हणून पैसे मोजू नका.

लॉज हा टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्गचा, १८९६ पासूनचा आणि आजही चालू असलेला कारखाना. त्याच्या पुष्कळ जुन्या तव्यांवर नावच नाही. बुडाच्या कडेने फिरणाऱ्या उंचवट्याला तीन ठिकाणी खाचा असल्या तर तो बहुधा लॉजचा. अलाबामातल्या बर्मिंगहॅम स्टोव्ह अँड रेंजचे तवेही बहुतेक निनावी. जाड, वजनदार आणि कामाला दणकट. नाव नसल्यामुळे ते स्वस्त मिळतात, आणि पहिला तवा म्हणून मी हेच सुचवते.

त्या गोल उंचवट्याचं कारण जुन्या चुलींत आहे. लाकूड-कोळशाच्या लोखंडी चुलीला वर गोल भोकं असत. तवा त्यावर नीट बसावा म्हणून बुडाला कडं दिलेलं असे. तव्यावरचा आकडाही त्या भोकांच्या मापाशी जोडलेला आहे. म्हणून ८ नंबरचा तवा ८ इंचांचा नसतो, वरून साधारण साडेदहा इंच भरतो. भाकरी-थालीपिठासाठी ८ नंबर सोयीचा, फोडणीला ३ नंबर पुरतो.

ग्रिसवोल्डच्या तव्यावर आणखी एक आकडा असतो तो साच्याचा. ८ नंबरच्या स्किलेटवर बहुतेक ७०४ दिसतो. ‘मेड इन यूएसए’ लिहिलेला तवा सहसा १९६० नंतरचा. बुडावर मधोमध उंच आडवी रेघ दिसली तर नीट बघा, कारण ती फार जुनी खूण आहे. साच्यात लोखंड ओतायचं तोंड तिथे असे, आणि गार झाल्यावर ते तोडून घासत. अशी भांडी बहुतेक १९व्या शतकातली, आणि त्यांच्यावर सहसा कुणाचंच नाव नसतं.

नकली मालही येतो. खऱ्या तव्यावरून वाळूचा साचा काढून नवा ओतला की लोखंड गार होताना साधारण एक टक्का आकसतं. म्हणजे नकल मूळ तव्याहून किंचित लहान भरते, अक्षरं पुसट येतात आणि पृष्ठभाग रवाळ राहतो. मोठं नाव, खरखरीत अंग आणि चढा भाव एकत्र दिसले तर हात आखडता घ्या.

हे सगळं माहीत असावं. पण स्वयंपाकासाठी घेत असाल तर सपाट, घुमणारा निनावी तवा वाकलेल्या ग्रिसवोल्डपेक्षा केव्हाही चांगला. ८ नंबरच्या तव्याला मी आजवर ४० डॉलरच्या वर दिलेले नाहीत.

जुना थर उतरवणं

घरी आणलेल्या तव्यावर दोन वेगळ्या गोष्टी असतात: जळक्या तेलाचा थर आणि गंज. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि आधी तेलाचा थर काढायचा.

त्यासाठी कॉस्टिक सोडा लागतो. सोपी वाट म्हणजे कॉस्टिक असलेला ओव्हन साफ करायचा फवारा, ज्याच्या झाकणाचा रंग इथे बहुधा पिवळा असतो. डब्यावर सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलंय का ते वाचून घ्या. तवा भरपूर फवारा, कचऱ्याच्या जाड पिशवीत घट्ट बांधा आणि घराबाहेर किंवा गराजमध्ये दोन दिवस ठेवा. मग धुवा. थर जाड असेल तर दोन-तीनदा करावं लागतं.

एकाहून जास्त भांडी असतील तर टबच भरा. झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा टब घ्या, त्यात २० लिटर गार पाणी घाला आणि मग ४५० ग्रॅम निव्वळ कॉस्टिक सोडा थोडा थोडा सोडत लाकडी काठीने ढवळा. क्रम कधीच उलटवू नका. कॉस्टिकवर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. अंगावर शिंतोडा उडाला तर बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धरा. टबात अ‍ॅल्युमिनियमचं काहीही जाऊ देऊ नका, कारण कॉस्टिक ते खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. लाकडी मुठीची आणि एनॅमलची भांडीही टबात नकोत. मुलं किंवा कुत्रं-मांजर पोहोचेल अशा जागी टब ठेवायचा असेल तर हा मार्गच धरू नका, फवाऱ्यावर भागवा.

तवा तारेला अडकवून बुडवा आणि विसरून जा. चार-पाच दिवसांत थर शेवाळासारखा सुटतो. हट्टी तव्यांना महिनाही लागतो, थंडीत त्याहून जास्त. लोखंडाला याने काही होत नाही, म्हणून घाई करायचं कारणच नसतं.

घाई करणाऱ्यांचे तीन मार्ग मला दरवेळी बोचतात. एक म्हणजे ओव्हनचं स्वतः साफ होण्याचं चक्र. त्यात तापमान इतकं चढतं की तवे वाकतात, तडकतात. दुसरा जाळ, त्याबद्दल वर लिहिलंच आहे. तिसरं ग्राइंडर किंवा सँडर. जुन्या कारखान्यांत तव्याची आतली बाजू घासून गुळगुळीत करत, आणि ती गुळगुळी हेच जुन्या तव्याचं खरं मोल आहे. यंत्राने ती पाच मिनिटांत कायमची जाते.

गंज

थर निघाल्यावर तवा करडा आणि उघडा दिसतो. गंज थोडा असेल तर तारेची घासणी, भांड्यांचा साबण आणि मनगटाचा जोर पुरतो. जास्त असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात तवा अर्धा तास बुडवा, काढा, घासा, गरज पडली तर पुन्हा बुडवा. रात्रभर ठेवू नका. गंज संपला की व्हिनेगर खालच्या लोखंडाला लागतं आणि गुळगुळीत अंग खरबरीत होतं.

फार गंजलेल्या भांड्यांसाठी लोक विजेचा मार्ग वापरतात. प्लॅस्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी, गाडीच्या बॅटरीचा जुन्या पद्धतीचा चार्जर, ऋण टोक तव्याला आणि धन टोक टाकाऊ लोखंडी पत्र्याला. पहिल्याच तव्याला हे करू नका. पुढे कधी कराल तेव्हा उघड्या हवेत करा आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

यानंतर एक गोष्ट चटकन करायची. उघडं बीड ओलं राहिलं तर बघता बघता तांबूस होतं. म्हणून गार पाण्याने धुवा, लगेच पुसा आणि लगेच मंद आचेवर किंवा ९० अंशांच्या ओव्हनमध्ये कोरडं करा. पुसताना फडक्याला तांबूस रंग लागला तर घाबरू नका, तेलाच्या पहिल्या हाताबरोबर तो निघतो.

तेल मुरवणं

आपल्याकडे नवा बिडाचा तवा काही दिवस पेजेत किंवा तांदळाच्या धुवणात बुडवून ठेवत, मग तापवून अर्ध्या कांद्याने तेल चोळत. इथले लोक ज्याला सीझनिंग म्हणतात ते तेच काम ओव्हनमध्ये करतात. तेलाचा पातळ थर पुरेसा तापला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक, कोरडं कवच बनतं. हा थर पातळ असणं हीच सगळी मेख आहे.

तवा ९० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे २०० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये २० मिनिटं गरम होऊ द्या. बाहेर काढून कॅनोला किंवा द्राक्षबियांचं तेल आत, बाहेर, दांड्याला, भोकाच्या आतसुद्धा चोळा. मग कोरडं, सूत न सुटणारं फडकं घेऊन ते सगळं तेल पुसून काढा, जसं काही चुकून लागलं होतं. तवा कोरडा दिसेल आणि काहीच उरलं नाही असं वाटेल, तरी जे उरतं ते पुरतं. ओव्हन २३० अंशांवर, म्हणजे ४५० फॅरनहाइटवर नेऊन तवा पालथा ठेवा, एक तास तापवा आणि आतच गार होऊ द्या. धूर होतो, खिडक्या उघडा. हेच पुन्हा, एकूण चार ते सहा वेळा. पहिल्या हातानंतर रंग तपकिरी, कुठे कुठे ठिपक्यांचा दिसतो. काळेपणा पुढे वापराने येतो.

तवा चिकट झाला तर तेल जास्त झालंय. तसाच पालथा आणखी एक तास तापवा, बहुतेक वेळा सुटतो.

जवसाच्या तेलाची शिफारस तुम्हाला जागोजागी मिळेल. रंगकामात वापरतात तेच तेल, थर काचेसारखा देखणा येतो. माझ्या तीन तव्यांवरून तो काही महिन्यांत पापुद्र्यांनी उडाला. मी परत कॅनोलावर आले.

भारतात असाल आणि ओव्हन नसेल तर गॅसवरही जमतं: मंद आच, पुसलेलं तेल, धूर येऊन थांबेपर्यंत तापवणं, गार करणं, पुन्हा तेच. काठ मात्र नीट तापत नाहीत, तिथे तवा फिरवून आच द्यावी लागते. आपल्याकडच्या जुन्या बिडावर सहसा नाव-आकडा नसतो, पण तडा, वाक आणि शिसं पाहायची रीत हीच. आणि ‘लोखंडी’ म्हणून मिळणारे पुष्कळ तवे ठोकलेल्या पत्र्याचे असतात. ते पातळ असतात आणि पडले तर चेपतात, फुटत नाहीत.

पहिले काही आठवडे

सुरुवातीला तेल-तूप सुटेल असंच करा: थालीपीठ, कांदा परतणं, पुऱ्या तळणं, मक्याचा केक. चिंच, आमसूल, टोमॅटो यांना महिनाभर लांब ठेवा. आंबट पदार्थ नवा थर उतरवतो आणि आमटीला लोखंडी चव येते. मुरलेल्या तव्यात टोमॅटोची परतलेली भाजी चालते, मात्र शिजवून तिथेच मुरत ठेवू नये.

बीड अ‍ॅल्युमिनियमसारखी उष्णता झटकन पसरवत नाही. मोठ्या आचेवर ठेवलं तर मध्ये जळतं आणि कडेला कच्चं राहतं. पाच-सात मिनिटं मंद आचेवर तापू द्या. इंडक्शनवर तर हे सक्तीचंच समजा, नाहीतर वाक येतो.

साबण चालतो. साबण नको हा जुना नियम कॉस्टिक उरलेल्या साबणांच्या काळातला आहे. भांड्यांच्या आजच्या साबणाने थर जात नाही, तो जातो पाण्यात भिजत ठेवल्याने आणि डिशवॉशरने. धुवा, आचेवर कोरडा करा, तेलाचं बोट फिरवून पुसा. एकावर एक ठेवायचे असतील तर मध्ये कागद घाला.

घावनाची घाई मात्र करू नका. दहा-पंधरा वेळा थालीपीठ झालं, कांदा परतला गेला की मग पीठ पातळ भिजवा, तवा चांगला तापू द्या, अर्ध्या कांद्याने तेल फिरवा आणि कडेकडून ओतत मध्ये या. झाकण ठेवा. कडा स्वतःहून सुटून वर आल्या की मगच उलथणं घाला. त्याआधी घातलं तर फाटतं. पहिलं फाटलंच तर तवा पुसा, पुन्हा कांदा फिरवा आणि दुसरं घाला.